पहिली भेंडी खायची नाही

आमच्या गच्चीवर भेंडीच्या काही शेंगांना लाल दोरा बांधलेला असतो. दोरा दिसला की हात मागे घ्यायचा, हा घरातला नियम. आणि हा दोरा नेमका सगळ्यात देखण्या शेंगेला असतो. ज्या झाडाने सगळ्यांआधी फूल धरलं, ज्याच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या नाहीत, ज्याची शेंग सरळ आणि भरदार, ती बियाण्यासाठी राखायची. वाकडी, बारकी, उशिरा आलेली आपण खायची. घरात हे पटायला बराच वेळ गेला. धाकट्याचं म्हणणं अजूनही असं की पाणी मी घालतो, मग चांगली शेंग दुसऱ्याला का?

हे सुरू झालं भाजी वाटण्यातून. घरी बाग करणाऱ्या कुणालाही ठाऊक असेल, पावसाळ्यात एक आठवडा असा येतो की दोडके घरात मावत नाहीत. आपण ते शेजारी नेऊन देतो. शेजाऱ्यांकडेही वेल असतोच, मग ते त्यांचे आपल्याला देतात. एकदा तर आमचाच दोडका दोन घरं फिरून आमच्याकडे परत आला असावा, अशी मला दाट शंका आहे. अशाच एका फेरीत समोरच्या काकू म्हणाल्या, "भाजी राहू दे गं, याचं बी आहे का तुझ्याकडे?"

नव्हतं. असणार कुठून? दोडका, भेंडी, काकडी, घेवडा, सगळं आपण कोवळंच खुडतो. बी भरायच्या आत ते ताटात आलेलं असतं. दर हंगामाला पाकीट आणायचं, पेरायचं, खायचं आणि पुन्हा पाकीट आणायचं. काकूंना मी त्या दिवशी पाकिटातलंच उरलेलं बी दिलं, पण मनाला ते लागलं.

बी धरायचं म्हणजे आधी कोणत्या झाडाचं धरायचं हे बघावं लागतं. पाकिटावर संकरित किंवा एफ-१ लिहिलेलं असेल, तर त्या झाडाचं बी धरण्यात फारसा अर्थ नसतो. दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम घडवलेला तो संकर. पहिल्या पिढीत सगळी झाडं एकसारखी जोमदार येतात, पण त्यांचं बी पेरलं की आजी-आजोबांचे गुण कसेही वाटून बाहेर येतात. एका झाडाला बोराएवढे टोमॅटो, शेजारच्याला चपटे, तिसऱ्याला आंबट. उगवत नाही असं नाही. स्वतःच्या कुंडीत गंमत म्हणून लावायला हरकत नाही, पण नाव लिहून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. म्हणून आम्ही द्यायचं बी फक्त सरळ वाणांचं धरतो, म्हणजे जे पेरलं की आईबापांसारखंच झाड येतं.

पण तेवढ्याने भागत नाही. फूल कुणाशी सलगी करतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून. टोमॅटो, घेवडा, चवळी, वाटाणा ही आपल्यात रमणारी मंडळी. स्वतःचेच पराग घेऊन फुलातल्या फुलात काम आटोपतात. मिरची, वांगं, भेंडी हीसुद्धा बहुतेक वेळा तशीच, पण मधमाश्या लुडबुड करतात. तिखट मिरचीशेजारी ढोबळी लावली तर त्या वर्षीची ढोबळी गोडच लागते. फसवणूक पुढच्या वर्षी, तिच्या बियांतून उगवलेल्या झाडावर कळते. शेतात वाणांमध्ये अंतर ठेवता येतं, गच्चीवर कुठून ठेवणार? आमचा उपाय सोपा आहे: एका हंगामात एकच मिरची. नवऱ्याला दोन प्रकारच्या हव्या असतात. त्याने एक विकत आणावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी चवळी सांगते. काहीच करावं लागत नाही. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, हलवल्यावर आत दाणे वाजले की काढायच्या. एकच मेख आहे. भुंग्याची मादी बागेतच शेंगेवर अंडी घालून जाते, अळी दाण्यात शिरते आणि आपण निश्चिंत होऊन बरणी फळीवर ठेवतो. दोन महिन्यांनी उघडावी तर प्रत्येक दाण्याला भोक. त्यामुळे दाणे खडखडीत वाळले की घट्ट झाकणाच्या बरणीत भरून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे. अर्धवट ओले ठेवले तर आतलं पाणी गोठून दाणाच मरतो. बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही, खोलीइतकी उबदार होऊ द्यायची, नाहीतर गार दाण्यांवर हवेतला ओलावा धरतो. आमच्या फ्रीझरमध्ये त्या दिवसांत बर्फाला जागा नसते.

भेंडीचं गणित वेगळं. तिचं फूल एका सकाळपुरतं उमलतं, दुपारनंतर मिटतं. खायची शेंग त्यानंतर आठवडाभरात तयार. बियाण्याची मात्र पस्तीस-चाळीस दिवस झाडावरच राहते. कोवळी, मग जून, मग निबर, मग तपकिरी होऊन शिरांवर तडकते. आणि एवढ्या काळात झाड आवरतं घेतं. पोटात बी वाढतंय म्हटल्यावर नवी फुलं धरायची त्याला घाई राहत नाही. प्रत्येक झाडावर एकेक शेंग राखली तर सगळ्याच झाडांचा हात आखडतो. त्यामुळे आम्ही कोपऱ्यातली मोजकी झाडं पूर्ण बियाण्याला सोडून देतो आणि बाकीची भरपूर तोडतो. वाळलेली शेंग फोडताना हातमोजे घालावेत. तिची लव सुकल्यावर सुईसारखी टोचते आणि दिवसभर बोटं खाजत राहतात.

टोमॅटोमुळे घरात भांडणं झाली. पूर्ण पिकलेल्या फळाचा बियांसकट गर वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबवावा लागतो. बीभोवतीच्या त्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ओल्या फळाच्या आत बी रुजू नये म्हणून निसर्गानेच केलेली सोय. आंबलं की आवरण सुटतं, वर पांढरी बुरशी धरते, भरलेलं बी तळाशी बसतं आणि पोचट तरंगतं. वरचं ओतून द्यायचं, खालचं चार पाण्यांनी धुऊन ताटलीत पसरायचं. कागदावर पसरू नये, चिकटून बसतं. हे सगळं ऐकायला सोपं वाटतं, पण वास! स्वयंपाकघरात ठेवलेली पहिली वाटी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, उष्टं राहिलंय समजून फेकून दिली. तेव्हापासून वाट्या गच्चीच्या जिन्यात असतात आणि त्यांवर लेकीने खडूने 'फेकू नये' लिहिलेलं असतं.

खरी मजा वेलांची. काकडी, भोपळा, दुधी, दोडका यांच्या वेलवर्गात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे पहिल्या दिवसापासूनच इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. मुलांना हे एकदा दाखवलं की ती जन्मभर विसरत नाहीत. काकडी आणि भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी, दोडक्याची पिवळी फुलंही दिवस कलायला लागल्यावर. शेजाऱ्यांच्या गच्चीवर वेगळ्या वाणाचा दोडका असेल तर किडे त्याचे पराग आणणारच. आपलं वाण शुद्ध राखायचं तर त्यांच्या आधी आपण पोचायला हवं.

आमच्याकडे त्याचा एक कार्यक्रमच असतो. दुपारी लेक वेलावर फिरून आज संध्याकाळी कोणत्या कळ्या उमलणार ते हेरते. कळी टोकाला पिवळी दिसायला लागली की ती आजची. तिच्या तोंडावर दोऱ्याची सैल गाठ मारायची, मादीलाही आणि शेजारच्या एक-दोन नरांनाही, म्हणजे आपल्या आधी कुणी आत शिरत नाही. ऊन उतरलं की सगळे वर. नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून काढायच्या, मधला परागांचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने टेकवायचा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकायचं. देठाला खुणेचा दोरा. हे काम दोन माणसांचं आहे, एकाने फूल धरायचं, दुसऱ्याने टेकवायचं. नवऱ्याची बोटं जाड, म्हणून त्याच्याकडे बॅटरी धरण्याचं काम. आई खुर्ची टाकून बसतात आणि कोणाचं चुकतंय ते सांगतात. दिवसभर एकमेकांशी दोन वाक्यंही न बोललेली माणसं त्या अर्ध्या तासात भरपूर बोलतात, बरंचसं भांडतातही. धरलेलं प्रत्येक फूल टिकतंच असं नाही. काही पिवळी पडून गळतात. पावसाची सर आली की त्या संध्याकाळची मेहनत वाया.

टिकलेला दोडका वेलावरच वाळू द्यायचा. हिरवा जातो, पिवळसर होतो, मग हलका, तपकिरी, आत खुळखुळ. टोकाला एक छोटं झाकण असतं, ते आपोआप सुटतं किंवा नखाने निघतं. दोडका उलटा धरून हलवला की काळं बी त्यातून खाली सांडतं. हा मान धाकट्याचा. मागे राहिलेली जाळी अंघोळीला.

वाळवणं आणि पाखडणं हे आईंचं खातं. सुपाच्या एका झटक्यात पोचट दाणे आणि फोलपट पुढे, भरलेले दाणे मागे. मी पाखडलं की अर्धं बी जमिनीवर असतं. वाळवण सावलीत आणि वाऱ्यावर करायचं. रणरणत्या उन्हात बी वरून सुकतं आणि आतला अंकुर भाजतो. टोमॅटोचं, मिरचीचं बी वाकवल्यावर मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर अजून ओलं आहे. साठवणीबद्दल हॅरिंग्टन नावाच्या बीजशास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम आहे: बियांतला ओलावा 1 टक्क्याने घटवला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान 5 अंश सेल्सियसने उतरवलं की पुन्हा दुप्पट. म्हणजे फ्रिज नसला तरी चालेल, पण ओल चालणार नाही. पावसाळ्यात आम्ही बरणीच्या तळाशी कोरडे भाजून गार केलेले तांदूळ पुरचुंडीत बांधून ठेवतो, ते ओल ओढून घेतात. तरीही प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. कांद्याच्या बियांवर वर्षाच्या पुढे भरवसा ठेवू नये, टोमॅटोचं बी चार-पाच वर्षं सहज टिकतं.

आणि द्यायच्या आधी परीक्षा. 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवायच्या, किती मोड काढतात ते मोजायचं. 8-9 आल्या तर छान. 5 आल्या तर ते बी आपण दाट पेरायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. 3 आल्या तर पक्ष्यांना. या बाबतीत मी कडक आहे. भाजी खराब निघाली तर माणूस एक दिवस हळहळतो. बी खराब निघालं तर त्याचा अख्खा हंगाम जातो, आणि दोष तो स्वतःलाच देतो. 'माझ्या हाताला काही लागत नाही' म्हणून बाग सोडून दिलेली किती माणसं मुळात जुनं, मेलेलं बी पेरत होती, कुणास ठाऊक.

पुड्या लेक बांधते. वापरलेल्या पाकिटांच्या कागदाच्या, वर नाव, धरल्याचा महिना, दहांतल्या किती उगवल्या. हाताने पराग न धरलेल्या वेलाचं बी असेल तर 'संकर झालेला असू शकतो' हेही. मला वाटलं होतं कुणी असं बी घेणार नाही, पण लोकांना हे आवडतं. मी मात्र तोंडी एक जास्तीची सूचना देते: दुधी, काकडी, दोडका, भोपळा यांतलं काहीही चाखल्यावर कडू लागलं तर ते फेकायचं. त्या कडूपणामागचं कुकुरबिटासिन विषारी असतं आणि शिजवूनही जात नाही. वाया जाऊ नये म्हणून संपवण्याची ही जागा नव्हे.

कुणाला काय द्यायचं हे आम्ही हळूहळू शिकलो. पहिल्यांदाच कुंडी घेणाऱ्याला चवळी, मेथी किंवा कोथिंबीर. धण्याच्या एका फळात दोन बिया असतात, हलक्या हाताने रगडून वेगळ्या करून पेरायला सांगायचं. शाळेतल्या मुलांना घेवडा, कारण बी मोठं, बोटांत धरता येतं आणि आठवड्याभरात मातीतून मान वर काढतं. मुलांना वाट बघायला लावणारं काही देऊ नये. एका वृद्धाश्रमात मोठ्या उत्साहाने पालेभाज्यांच्या पुड्या घेऊन गेलो. तिथल्या आजींनी त्या बाजूला ठेवल्या आणि विचारलं, फुलांचं काही नाही का? जेवण त्यांना मिळत होतंच. पुढच्या खेपेला गोकर्ण, झेंडू आणि गुलबाक्षी नेली. गुलबाक्षी खास, कारण ती दुपार उलटल्यावर उमलते आणि सगळे अंगणात येऊन बसतात तेही तेव्हाच. तिचं काळं बी विषारी असतं, म्हणून पुडीवर लाल अक्षरांत तसं लिहिलं आणि सांभाळायला तिथल्या ताईंकडे दिलं.

धाकट्याला समजवायला मी एकदा वाव्हिलॉव्हच्या संस्थेची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राड शहराला 1941 ते 1944 वेढा पडला होता. या संस्थेच्या तिथल्या बीजसंग्रहात धान्याची, डाळींची, बटाट्याची हजारो वाणं होती. बाहेर लोक उपासमारीने मरत होते, संस्थेतली माणसंही मरत होती, तरी त्यांनी संग्रहातलं बी खाल्लं नाही. ज्याने जगभर फिरून तो संग्रह उभा केला तो निकोलाय वाव्हिलॉव्ह स्वतः 1943 मध्ये सोव्हिएत तुरुंगात मरण पावला. नवरा मागून म्हणाला, "एका भेंडीसाठी केवढी मोठी तोफ!" धाकटा मात्र गंभीर होता. त्याने विचारलं, "थोडंसं खाल्लं असतं तर चाललं नसतं का?" मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर ती गोष्ट पोराला गप्प करायला वापरल्याचं मला फारसं बरंही वाटलं नाही.

देण्याचा दुसरा उपयोग पावसाने दाखवला. एका वर्षी तो लांबला. वाळत आलेल्या भेंड्या भिजून काळ्या बुरशीने भरल्या, चवळीला शेंगेतच मोड आले आणि वाऱ्याने मांडवासकट दोडक्याचा वेल खाली आणला. राखलेलं त्या वर्षीचं सगळं गेलं. बरणीत तळाशी जुनं थोडं होतं, पण परीक्षेत ते दहांत दोन आलं. समोरच्या काकूंकडे गेले. त्यांनी डब्यातून दोडक्याची पुडी काढली, आमच्याच वेलाचं बी, आता त्यांच्या अंगणात वाढून पुन्हा धरलेलं. भेंडी आणखी एका घरातून आली, चवळी मुलांच्या शाळेतून. लेकीने तेव्हा स्वालबार्डचं सांगितलं. नॉर्वेच्या त्या बेटसमूहावर डोंगराच्या पोटात 2008 पासून जगभरचं बी उणे 18 अंशांवर ठेवलेलं आहे, आणि तिथून पहिल्यांदा बी परत मागावं लागलं ते 2015 मध्ये, सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या बीजसंग्रहात काम करणं अशक्य झालं तेव्हा. त्या शास्त्रज्ञांनी ते बी दुसऱ्या देशांत वाढवलं आणि 2017 मध्ये त्यातलं पुन्हा स्वालबार्डला नेऊन ठेवलं. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे डोंगर नाही बाई, डबा आहे."

तेव्हापासून पाखडून झालं की बियांचे तीन वाटे होतात: पेरायचा, राखायचा आणि द्यायचा. राखायचा वाटा त्या वर्षी पेरायचा नाही, कितीही मोह झाला तरी. द्यायचा वाटा मात्र लगेच घराबाहेर काढायचा. पुढच्या पेरणीपर्यंत घरात ठेवला की तो हळूच पेरायच्या वाट्यात मिसळतो, असा आमचा अनुभव.

परवा वृद्धाश्रमातून एक पाकीट आलं. गोकर्णाच्या वाळक्या शेंगा तडकून पिळवटायच्या आत कुणीतरी नेमाने गोळा केल्या होत्या. निळी वेगळी, पांढरी वेगळी, आम्ही दिलं होतं त्याच्या कितीतरी पट. सोबत चिठ्ठी: पुढच्या वेळी मोगऱ्याचं बी आणा. मोगरा काही बियांवर होत नाही, फांदीवर होतो. म्हणजे पाऊस सुरू झाला की अर्धवट निबर झालेल्या फांद्यांचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून लावायचे, सावलीत ओल धरून ठेवायची आणि मुळं फुटली की रोपं न्यायची. गच्चीवर तशी सावलीची जागा एकच आहे, दोडक्याच्या मांडवाखालची, आणि तिथे आईंची खुर्ची असते. मी अजून विषय काढलेला नाही.